एक पान पुढचा गुरू

ग्रुप स्टडी म्हणजे काय, याबद्दल घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं असतं. मुलांच्या मते बारावीच्या गणितातून तरून जायची ती एकमेव वाट आहे. आईच्या मते ते सात जणांचे पोहे आहेत. बापाच्या मते, क्लासची एवढी फी भरून वर पुन्हा हे कशाला, असा तो प्रश्न आहे. आणि आजीच्या मते, एवढी पोरं एका खोलीत बसून चार तास न भांडता नुसती कागद खरडत असतील, तर त्यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे.

आमच्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये ही बैठक दर रविवारी भरते. कन्या बारावी सायन्सला, चिरंजीव दहावीला. बैठक हॉलमध्ये असते आणि हॉल एकच असल्यामुळे मीही तिथेच असतो, कोपऱ्यातल्या खुर्चीत, पेपर उघडून. सुरुवातीला मुलं ‘काका, डिस्टर्ब तर नाही ना होत?’ असं विचारायची. आता त्यांनी मला गृहीत धरलंय. गणितात एखादी गोष्ट गृहीत धरली की पुढे तिची किंमत काढायची असते. माझ्या बाबतीत ती पायरी अजून आलेली नाही.

पण गृहीत धरलेल्या माणसाला ऐकू सगळं येतं. आणि ऐकून ऐकून माझ्या एक गोष्ट लक्षात आली. या बैठकीत गणित कोणाला येतं याला फारसं महत्त्व नाही. ते कधी आलं, याला आहे. काल रात्री आलं असेल तर उत्तम.

हे नीट कळायला मंडळींची ओळख करून द्यायला हवी. खरी नावं सांगत नाही. तशीही ती मुलं एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारत नाहीत.

पहिला ‘सोपंय’. वर्गात पहिला येणारा. त्याला सम दाखवला की तो चार सेकंद बघतो आणि ‘अरे, सोपंय रे’ म्हणतो. मग तीन ओळी लिहितो, शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारतो आणि कागद परत करतो. विचारणारा पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये कुठेतरी हरवलेला असतो. तो विचारतो, ‘हे कसं आलं?’ उत्तर मिळतं, ‘हे असंच येतं.’ यात सोपंयचा काही दोष नाही, त्याला ते खरंच तसंच येतं. पण ‘अवघड आहे’ म्हणाला असता, तर विचारणाऱ्याला अवघड गोष्ट जमली नाही एवढंच दुःख झालं असतं. आता सोपी गोष्टही जमत नाही, हे नवं दुःख घेऊन तो जागेवर जातो.

दुसरा ‘ऑप्शन’. याचा सगळा जीव सीईटीत. एमएचटी-सीईटीच्या गणितात ५० प्रश्न, १०० मार्क आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. हा भागाकार या पोरानं बारावीत केलेला बहुधा सर्वांत मनापासूनचा भागाकार असेल. वर निगेटिव्ह मार्किंग नाही. त्यामुळे त्याच्या लेखी गणित सोडवायचं नसतं, ओळखायचं असतं. ‘इंटिग्रेट कशाला करतोस? चार उत्तरं दिलीत ना? एकेकाचं डेरिव्हेटिव्ह काढ. जे प्रश्नासारखं दिसेल ते बरोबर.’ पद्धत बिनचूक आहे. फक्त बोर्डाच्या पेपरात लांब उत्तरांच्या प्रश्नांखाली चार उत्तरं छापलेली नसतात, एवढीच तिची मर्यादा.

ही मर्यादा त्याला रोज दाखवून द्यायचं काम तिसरीकडे आहे. तिचं नाव ‘स्टेप’. बोर्डाचा लेखी पेपर ८० मार्कांचा, वीस मार्क प्रॅक्टिकलचे, आणि त्या ऐंशींतला प्रत्येक अर्धा मार्क कुठे दडलाय हे स्टेपला पाठ. ती ‘लेट’ लिहिल्याशिवाय श्वास घेत नाही आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण दिल्याशिवाय सोडत नाही. या दोघांना शेजारी बसवू नये.

‘उत्तर आलं ना?’ ऑप्शन विचारतो.

‘उत्तराला अर्धा मार्क आहे.’

‘मग उरलेले अडीच कशाचे?’

‘उत्तर तुलाच आलंय हे पटवायचे.’

चौथा ‘मागून-पुढे’. हा सम सुरू करण्याआधी पुस्तकाच्या शेवटचं पान उघडतो आणि तिथलं उत्तर वहीच्या पानाच्या तळाला लिहून ठेवतो. मग वरून खाली चार ओळी, खालून वर तीन ओळी. मध्ये दोन बोटांची जागा उरते, कारण वरच्या ओळीचा खालच्या ओळीशी काही संबंध लागत नाही. तिथे तो सुवाच्य अक्षरात ‘ऑन सिम्प्लिफाइंग, वी गेट’ असं लिहितो. एकदा एका डायजेस्टमध्ये उत्तरच चुकीचं छापलेलं निघालं. यानं ते चुकीचं उत्तर दोन्ही बाजूंनी व्यवस्थित आणून दाखवलं होतं.

पाचवी ‘प्लस सी’. इंटिग्रेशनचं उत्तर लिहिल्यावर शेवटी एक स्थिरांक मिळवायचा असतो. डेरिव्हेटिव्ह काढताना साधा आकडा शून्य होऊन जातो. मग उलट्या दिशेनं येताना तिथे आधी पाच होता की पाचशे, हे कळायला मार्ग नसतो. म्हणून त्या नाहीशा झालेल्या आकड्याच्या नावानं ‘अधिक सी’ लिहायचं. न लिहिलं तर मार्क जातो. ही मुलगी बैठकीत दुसरं काही बोलत नसे. एखाद्यानं तासभर झगडून, दोन पानं भरून, जन्मात पहिल्यांदा ट्रिगनॉमेट्रिक सब्स्टिट्यूशन जमवलेलं असावं, तो मान वर करून कौतुकाची वाट बघत असावा, आणि पलीकडून शांतपणे आवाज यावा, ‘प्लस सी?’

सहावी आमची कन्या. हिची वही म्हणजे गावदेवाची पालखी. दर रविवारी वेगळ्या घरी मुक्काम. सूत्रं हिरवी, पायऱ्या निळ्या, ‘इथे चुकतं’ हे लाल, उत्तर जांभळ्या चौकटीत. आई म्हणते, रंगवण्यात जाणारा वेळ सोडवण्यात घातला असता तर! मी या वादात मुलीच्या बाजूनं आहे, कारण तिच्या बाजूनं भास्कराचार्य आहेत. १११४ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या बीजगणितात पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणतात, आणि पुढच्या राशींना चक्क रंगांची नावं आहेत: कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, लाल. आपण एक्स, वाय, झेड आणून त्या सगळ्यांना एकाच पेनानं लिहायला लावलं.

वहीचे फोटोही जातात. फोटो नेहमी तिरपा असतो, वर पंख्याची सावली असते आणि जी ओळ हवी तिच्यावरच अंगठा असतो. मग ‘अंगठ्याखाली काय आहे?’ यावर दहा मिनिटं फोन.

सातवा मुलगा ‘गप्प’. गावाकडून आलेला, इथे मामाकडे राहतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव. अकरावीत आल्यापासून तो बोलायचाच थांबला होता. पोहे खायचा, वही उघडायचा, सगळ्यांचं ऐकायचा, ‘कळलं का?’ म्हटलं की मान डोलवायचा. मान डोलवण्याचे प्रकार मला ऑफिसातल्या मीटिंगांमुळे चांगले ओळखू येतात. हा न कळल्याचा होता.

विचारणं ही खरी अवघड कला आहे. ‘मला डाउट आहे’ म्हणायला आधी पुष्कळ काही कळलेलं असावं लागतं. कुठपर्यंत समजलं आणि कुठून समजेनासं झालं, ही हद्द दाखवता आली तर तो डाउट. हद्दच सापडत नसेल तर माणूस ‘सगळंच डोक्यावरून जातंय’ म्हणतो, आणि तेही म्हणायची लाज वाटली की मान डोलवतो.

तर एका रविवारी गप्पसमोर बाय पार्ट्सचा एक सम आला: इ रेज टू एक्स गुणिले साइन एक्स, इंटिग्रेट करा. ज्यांचा या मजकुराशी संबंध तुटून वीस-पंचवीस वर्षं झाली आहेत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: बाय पार्ट्समध्ये दोन फंक्शनांच्या गुणाकारातलं एक पहिलं मानायचं, एक दुसरं मानायचं आणि एक ठराविक सूत्र लावायचं. प्रश्न पूर्ण सुटत नाही, पण बहुतेक वेळा आधीपेक्षा सोपा होऊन उरतो. या समात तो सोपा होत नाही. गप्पनं एकदा सूत्र लावलं, साइनच्या जागी कॉस आला. दुसऱ्यांदा लावलं, कॉसच्या जागी साइन आला. म्हणजे ज्या प्रश्नानं सुरुवात केली होती तोच प्रश्न पानाच्या तळाशी पुन्हा उभा. त्यानं पेन खाली ठेवलं आणि कित्येक रविवारांनंतर तोंड उघडलं.

‘परत तेच आलं.’

‘येतंच,’ सोपंय मान वर न करता म्हणाला. ‘आय इकडे घे. झालं.’

‘इकडे म्हणजे कुठे?’

‘ऑप्शन दिलेत का?’ ऑप्शननं विचारलं. ‘नाहीत? मग बोर्डाचा आहे. आत्ता सोड.’

‘लेट आय इज इक्वल टू, असं वर लिहिलंस का?’ स्टेप म्हणाली. ‘नाही ना? मग इकडे काय घेणार तू!’

मागून-पुढेनं पुस्तकाचं शेवटचं पान उघडून पुढे सरकवलं. आमच्या कन्येनं वही शोधली, ती आडगावला कोणाकडे तरी मुक्कामी होती.

आणि मग प्लस सी आपल्या जागेवरून उठली. ‘सरक,’ ती गप्पला म्हणाली. ‘काल रात्री मी पण इथेच अडकले होते. पावणेएकपर्यंत.’

गप्पनं तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्याची मातृभाषा बोलायला सुरुवात केली.

‘हे बघ. इ रेज टू एक्सला काही होत नाही. डेरिव्हेटिव्ह काढा, इंटिग्रेट करा, तो आहे तसाच. बदलतो कोण? साइन. साइनचा झाला कॉस. आता कॉसचं डेरिव्हेटिव्ह काय?’

‘मायनस साइन.’

‘म्हणजे दोनदा सूत्र लावलं की साइन परत येणारच. तुझं चुकलं म्हणून तेच नाही आलं. बरोबर आलंय म्हणून तेच आलं.’

मी पेपर खाली केला. ‘बरोबर आलंय म्हणून तेच आलं’ हे वाक्य मला माझ्या बारावीत कोणी ऐकवलं नव्हतं. साधा माणूस फिरून पहिल्याच ठिकाणी आला की वाट चुकली असं धरतो आणि घरी जातो.

‘आता या प्रश्नाला नाव दे. आय. वर पण आय, खाली पण आय. खालच्या आयच्या मागे मायनस आहे. त्या आयला डावीकडे ने. डावीकडे झाले दोन आय. मग भागिले दोन. संपलं.’

स्वयंपाकघराच्या दारात आजी पोह्यांची रिकामी ताटली घेऊन उभी होती. ‘कोणाच्या आयला नेताय रे डावीकडे?’

‘आजी, आय म्हणजे इंटिग्रल!’

‘असेल. पण एकीच्या दोन दोन आया करून वर त्यांना भागायचं कशाला?’

हशा संपल्यावर गप्प हळूच म्हणाला, ‘पण माझ्याकडे मायनस नाही, प्लस आय आलाय. मग दोन्हीकडचे आय कटले.’

‘आणि उरलं काय?’

‘शून्य बरोबर इ रेज टू एक्स, कंसात साइन मायनस कॉस.’

‘म्हणजे प्रश्नच गेला!’ ऑप्शन आनंदानं म्हणाला.

प्लस सी हसली. ‘माझा पण गेला होता. दुसऱ्यांदा सूत्र लावताना मायनसच्या पुढे कंस घातला नाहीस. कंस घाल, मग आतलं चिन्ह बदलेल. अजून एक. दुसऱ्यांदा करताना पहिलं-दुसरं फंक्शन बदलायचं नाही. बदललंस तर सगळं उलगडून शून्य बरोबर शून्य येतं.’

‘तुला कसं माहीत?’

‘साडेअकराला मी तेच केलं होतं.’

‘आणि पावणेएकला?’

‘कंस.’

गप्पनं कंस घातला. आय डावीकडे गेला, दोन झाले, दोनानं भागले. उत्तर आलं: इ रेज टू एक्स भागिले दोन, कंसात साइन एक्स वजा कॉस एक्स. मुलाच्या चेहऱ्यावर अकरावीपासून न दिसलेलं काहीतरी दिसलं. आणि गंमत म्हणजे त्या भरात ‘प्लस सी’ म्हणायचं तिचंच राहून गेलं. दुसऱ्या कोणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. ते खातं तिच्याकडे होतं.

क्लासचे सर हा सम वीस वर्षं शिकवताहेत. त्यांना तो इतका येतो की तो कधीकाळी येत नव्हता हेच ते विसरले आहेत; म्हणून फळ्यावर ते ‘हे उघडच आहे’ म्हणून दोन ओळी गाळतात, आणि नेमक्या त्या दोन ओळींत अर्धा वर्ग गळतो. सोपंय तिथे कधी अडखळलाच नाही, तेव्हा अडखळायची जागा तो दाखवणार कशी? प्लस सीला ती जागा वेळेसकट पाठ होती. तिच्या ज्ञानाचा साठा त्या घटकेला गप्पपेक्षा फक्त एका कंसानं जास्त होता, आणि त्याला हवाही तेवढाच होता. शिवाय तिचंही काम झालं. रात्री पावणेएकला तिला उत्तर आलं होतं. गणित आलं ते रविवारी सकाळी, दुसऱ्याला सांगताना.

एका पानापेक्षा जास्त अंतर पडलं की काय होतं, ते आमच्याच घरात खालच्या इयत्तेत बघायला मिळतं. चिरंजीवांचा दहावीचा गणित भाग एक, म्हणजे बीजगणित, ४० मार्कांचा. ताईनं मदत करावी ही आईची इच्छा. ताई दोन वर्षं पुढे, म्हणजे प्रमाणाबाहेर पुढे. एका मुलीचं दोन वर्षांपूर्वीचं वय आणि तीन वर्षांनंतरचं वय यांचा गुणाकार ८४, तर आजचं वय किती, असा प्रश्न. समीकरण झालं एक्स वर्ग अधिक एक्स वजा नव्वद बरोबर शून्य.

‘फॉर्म्युला टाक ना सरळ,’ ताई.

‘अवयव पाडायला सांगितलेत.’

‘काय फरक पडतो?’

‘सरांना पडतो.’

आवाज चढले. शेवटी खालच्या मजल्यावरचा दहावीतलाच मित्र वर आला. त्यांच्या शाळेत हे प्रकरण दोन दिवस आधी झालं होतं. ‘नव्वदचे असे दोन अवयव बघ, ज्यांच्यात एकाचा फरक. दहा आणि नऊ.’ मिनिटात सुटलं. उत्तरं दोन आली: नऊ आणि उणे दहा. मग दोघांना चेव चढला. मुलगी उणे दहा वर्षांची असेल, तर दोन वर्षांपूर्वी ती उणे बारा होती, आणि तीन वर्षांनी उणे सात होईल. गुणाकार? चौऱ्याऐंशीच! ‘अरे, हे पण बरोबर आहे!’ थोडा वेळ त्या न जन्मलेल्या मुलीबद्दल हळहळ व्यक्त झाली. मग मित्रानं शहाण्या माणसासारखं सांगितलं, ‘लिही: परंतु वय ऋण नसते. याला मार्क आहे.’

इथेही भास्कराचार्य आमच्या मदतीला येतात. त्यांच्या बीजगणितात माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे राहील त्याचा वर्ग केला, तर तेवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसलं. तर कळपात एकूण माकडं किती? उत्तरं येतात पन्नास आणि पाच. पाच धरलं तर पाचव्या भागातून, म्हणजे एकातून, तीन वजा करावे लागतात आणि उणे दोन उरतात. वर्ग केल्यावर हिशेब चोख जमतो. तरीही आचार्यांनी ते उत्तर बाजूला ठेवलं. का, तर ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही. ‘परंतु वय ऋण नसते’ या वाक्याला साडेआठशे वर्षांची परंपरा आहे, हे त्या दोन पोरांना मी सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘हे लिहिलं तर जास्त मार्क मिळतील का?’

अशा मदतीचा मोबदला काय, हाही या बैठकीतला एक जिव्हाळ्याचा विषय. साध्या समाला वडापाव. ‘मिसलेनियस एक्सरसाइज’मधल्या समाला मिसळ. प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करून दिलं तर सिनेमा. यात नवं काही नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्यातला काही भाग चक्क मराठीत आहे, आणि तो खर्चाबद्दल आहे: पाटणच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावर ग्राहकांकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिलेलं आहे. थोडक्यात, पोरं गणित करणार आणि पोह्यांचे पैसे बाजारहाट करणारा गृहस्थ भरणार, ही व्यवस्था यादवांच्या काळात दगडावर कोरून ठेवलेली आहे. मी निमूट पोहे आणतो.

तिकडे युरोपात तर वडापावचा दर फारच वर गेला होता. लिमिटच्या समात शून्य भागिले शून्य आलं की मुलं एक नियम लावतात. त्याचं नाव लोपिताल यांच्यावरून. आमची मंडळी त्याला ‘एल हॉस्पिटल’ म्हणतात आणि रुग्ण दाखल करावा तसा सम तिथे दाखल करतात. लोपिताल हे फ्रान्समधले मार्क्विस, पैसेवाले. कॅलक्युलस तेव्हा नवंकोरं होतं आणि त्यांना शिकवायला योहान बर्नुली नावाचा विशीतला पोरगा ठेवला होता. १६९४ मध्ये मार्क्विसांनी त्याला पत्र लिहून वर्षाला ३०० लीव्र देऊ केले. अट अशी की मी सांगेन ते प्रश्न सोडवायचे, नवीन काही सापडलं तर मला कळवायचं आणि दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही. १६९६ मध्ये मार्क्विसांचं पुस्तक आलं, कॅलक्युलसचं पहिलं पाठ्यपुस्तक. त्यात तो नियम होता. मार्क्विस १७०४ मध्ये वारल्यावर बर्नुलीनं ‘ते माझं होतं’ म्हणून बोंब मारली, पण ऐकतो कोण! पुढे विसाव्या शतकात बाझलला त्याच्या जुन्या व्याख्यानांची वही सापडली, तेव्हा कुठे लोकांना पटलं. हे बर्नुली घराणंही काही साधं नाही. प्रॉबॅबिलिटीतला बर्नुली तो योहानचा थोरला भाऊ याकोब, आणि फिजिक्सच्या फ्लुइड्समधला तो योहानचा मुलगा दानिएल. त्या घरात एका पिढीनं जरी कापडाचं दुकान टाकलं असतं, तरी आमच्या बारावीचा सिलॅबस बराच हलका झाला असता.

ही गोष्ट सांगितल्यावर आमच्या कन्येनं वहीच्या प्रत्येक पानावर तारीख घालायला सुरुवात केली.

मदतीची एकच जागा अशी आहे जिथे ती कायद्यानं बंद करायला हवी: पेपर सुटल्यावर फाटकाबाहेर. तिथे ‘तुझं काय आलं?’ या प्रश्नानं सुरुवात होते आणि पाच मिनिटांत कोणीतरी पाण्याची बाटली डोक्याला लावून बसतं. स्टेप तिथेच आपले मार्क मोजते. ऑप्शन म्हणतो, तुम्ही सगळे चुकलात, बहुमत तिसऱ्या उत्तराला आहे. मागून-पुढेला या चर्चेत गोडी नसते. त्या पेपराच्या शेवटी उत्तरंच नव्हती.

प्रिलिमचे पेपर मिळाले तो रविवार मात्र बघण्यासारखा होता. सोपंय पहिला आला, त्यात कोणाला रस नव्हता. बातमी वेगळी होती. गप्पला प्लस सीपेक्षा एक मार्क जास्त पडला होता. तो पेढे घेऊन आला होता आणि भलताच बोलत होता. प्लस सीनं पेढा घेतला, अभिनंदन केलं आणि हात पुढे केला. ‘पेपर दाखव.’

तिनं त्याचा पेपर पहिल्या पानापासून वाचायला घेतला. बर्नुलीला पुरावा मिळायला दोनशेहून जास्त वर्षं लागली. हिला सातव्या पानापर्यंतच जावं लागलं. इ रेज टू एक्स साइन एक्स तिथे होता. वर ‘लेट आय’ होतं, मायनसपुढे कंस होता, आय डावीकडे गेला होता, दोनानं भागला होता. पूर्ण चार मार्क. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

‘इथे प्लस सी नाहीये.’

गप्पनं वाकून पाहिलं. ‘त्या दिवशी तू सांगितलंच नव्हतंस.’

‘सरांच्या नजरेतून सुटलंय. याचा अर्धा मार्क जातो.’

‘सांगू नको ना सरांना.’

‘नाही सांगत,’ प्लस सी म्हणाली आणि दुसरा पेढा उचलला. ‘पण तू माझ्या पुढे अर्ध्याच मार्कानं आहेस, हे लक्षात ठेव.’